कामाची भिशी

बोईसरला तारापूर औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या माणसाला वेळेवर घराबाहेर काढणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. शिफ्ट ठरलेली असते, गेटवर हजेरी असते, उशीर झाला तर सुपरवायझर विचारतो आणि खाडा पडला तर पगारातून जातो. त्याच बोईसरच्या बाजारात जो स्वतःचे शिलाई मशीन घेऊन बसला आहे, जो वेल्डिंग करतो, सोफा भरतो किंवा मोटारसायकली दुरुस्त करतो, त्याला यांपैकी काहीच नाही. शटर नऊला उघडले काय आणि साडेअकराला उघडले काय, विचारणारा कोणी नाही. तो स्वतःचा मालक आहे. पण हा मालक बहुतेक वेळा नोकरापेक्षाही ढिला असतो, हे आपण कबूल केले पाहिजे.

आपल्या कारागीर बांधवांकडे कसब कमी आहे असे आम्हाला कधीच वाटले नाही. गिऱ्हाइकाची तक्रार हाताबद्दल नसते, तारखेबद्दल असते. 'उद्या या' हे दोन शब्द आपल्या धंद्याला जेवढे महाग पडले आहेत तेवढी उधारीही पडली नसेल. एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा एका टेलरला रमजानमध्ये शिलाईचे २४ दिवस मिळतात आणि रोज ४ जोड शिवण्याची त्याची ताकद आहे. म्हणजे ९६ जोड. त्याने तेवढेच कापड घेतले, एकही जास्त नाही. परंतु पहिले ८ दिवस 'ईदला अजून वेळ आहे' म्हणून रोज २ जोडच झाले. ते झाले १६. पुढचे १६ दिवस त्याने पूर्ण ताकदीने काम केले, ते झाले ६४. एकूण ८०. चाँदरातीला १६ गिऱ्हाइके दुकानासमोर उभी आहेत आणि त्यांचे कपडे शिवलेले नाहीत. जोडामागे ५०० रुपये शिलाई धरली तर ८,००० रुपये बुडाले. यात मशीन बिघडले नाही, वीज गेली नाही, कोणी आजारी पडले नाही. त्या ८ दिवसांत कोणी विचारले नाही, एवढेच घडले.

आता याच टेलरचे दुसरे रूप पाहा. तो दहा जणांच्या भिशीत आहे. दर महिन्याला १,००० रुपये भरायचे आणि ज्याची पाळी असेल त्याने १०,००० उचलायचे. स्वतःच्या गल्ल्यात महिन्याला १,००० रुपये बाजूला ठेव म्हटले तर तीन महिन्यांत तो विसरेल. भिशीचा हप्ता मात्र कधी चुकवत नाही. मेहुण्याकडून उसने आणील, पण हप्ता देईल. का? तिथे नऊ माणसे त्याची वाट पाहत असतात, आणि ती नऊ माणसे त्याला रोज रस्त्यात भेटणारी असतात. भिशीला कायद्याच्या आणि इतर अंगांनी काय म्हणायचे तो वेगळा विषय आहे, आज आम्ही त्यात शिरत नाही. आमचा मुद्दा असा की जी गोष्ट आपण पैशासाठी करतो ती कामासाठी का करू नये? चार-पाच जणांनी एकत्र यावे आणि पैशाऐवजी कामाचा वायदा टाकावा.

हे काही नवे शास्त्र नाही. पावसाळ्यात पालघर तालुक्यात भाताची लावणी पाहावी. रांगेतला एखादा मागे राहिला तर सर्वांना दिसते, म्हणून तो फारसा मागे राहत नाही. शेतकऱ्यांत सावड करण्याची पद्धत जुनी आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पालघर-बोईसरहून रोज मुंबईकडे जाणाऱ्या नोकरदारांचेही तसेच आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेल्या गाडीच्या ठरलेल्या डब्यात ठरलेली मंडळी असतात. एक दिवस कोणी दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी 'काल कुठे होतात?' ही विचारणा होतेच. पहाटेची गाडी पकडण्यात घड्याळाच्या गजराइतकाच त्या डब्याचाही वाटा असतो.

आणि मशिदीचे काय? जमातीने अदा केलेल्या नमाजचा दर्जा एकट्याने अदा केलेल्या नमाजपेक्षा २७ पटींनी अधिक असल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्या सवाबाविषयी बोलण्याचा अधिकार आलिमांचा. आम्ही फक्त रोजचा अनुभव सांगतो. घरी एकट्याने पढायची असेल तर 'पाच मिनिटांनी' करत वेळ संपत येते, जमात असली की अजान होताच पाय निघतात. फज्रला रोज येणारे एखादे चाचा दोन दिवस दिसले नाहीत तर कोणी त्यांच्यावर ठपका ठेवत नाही. कोणीतरी घरी जाऊन विचारतो, 'तब्येत ठीक आहे ना?' हा सूर वाचकांनी लक्षात ठेवावा. कामाच्या भिशीचे सारे यश या सुरावर अवलंबून आहे, ते का हे पुढे येईल.

पाहणारा कोण असावा?

माणसावर दुसऱ्याच्या असण्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अभ्यासकाने ४० मुलांना मासे धरण्याच्या गळाच्या रिळी फिरवायला दिल्या, कधी एकट्याने तर कधी दुसऱ्याच्या बरोबरीने. सोबत असताना २० मुलांचा हात जलद चालला, १० जणांवर विशेष परिणाम झाला नाही आणि १० जण उलट गडबडले. म्हणजे निम्म्यांना फायदा झाला, पण चौघांत एकाचे काम बिघडले. पुढे १९६५ साली रॉबर्ट झायन्स यांनी याचा उलगडा असा केला की जे काम हातात बसलेले आहे ते लोकांसमोर अधिक चांगले होते, आणि जे अजून शिकायचे आहे ते लोकांसमोर बिघडते. आपल्या उस्ताद मंडळींनी याचा विचार करावा. नवीन शागिर्दाला चार गिऱ्हाइकांसमोर पहिल्यांदा कापड कापायला लावायचे आणि चुकला की सर्वांसमोर ओरडायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. कारागीर घडवण्याची ही पद्धत नव्हे. शिकायचे ते आतल्या खोलीत, बसलेला हात दाखवायचा तो दुकानात.

याहून उपयोगी गोष्ट अमेरिकेतील एका सुपरमार्केटच्या अभ्यासात दिसली, जो २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथे बिल करणारे कामगार एकामागे एक असलेल्या काउंटरांवर बसतात. प्रत्येकाने किती वस्तू किती वेळात नोंदवल्या याचा मशीनमध्ये सेकंदाचा हिशेब असतो. जलद हाताचा कामगार पाळीवर आला की इतरांचाही वेग वाढे. पण सर्वांचा नाही. ज्यांच्या पाठीमागे तो बसला होता, म्हणजे ज्यांना तो पाहू शकत होता, त्यांचा वेग वाढला. जे त्याची पाठ पाहत होते त्यांच्यात फरक पडला नाही. शिवाय ज्यांच्या पाळ्या नेहमी एकत्र येत, त्यांच्यात परिणाम अधिक होता.

याचा अर्थ काय झाला? चांगला कारागीर आपल्यासमोर असला एवढ्याने भागत नाही, आपण त्याच्या नजरेत असावे लागते. एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याच्या यशाच्या गोष्टी ऐकून दुसऱ्या दिवशी शटर लवकर उघडत नाही, हे तर आपण नेहमीच पाहतो. तो आपल्याला पाहत नसतो. शेजारचा हार्डवेअरवाला पाहत असतो.

चिंचणी, वरोर, वाढवण या आमच्या किनारपट्टीत दागिन्यांच्या डाय बनवण्याचे काम घरोघर चालते. नक्षीचे काम डोळ्यांचे आणि धीराचे असते. घरातल्या कोपऱ्यात एकट्याने ते करताना दिवस कधी सरतो ते कळत नाही, आणि कधी कधी तो काम न होताच सरतो. अशा एकट्या कामाला तर दुसऱ्याच्या नजरेची गरज सर्वांत जास्त. रोज एकमेकांच्या घरी जाऊन बसता येईल असे नाही. पण संध्याकाळी पाच मिनिटे 'आज किती झाले' एवढे सांगता येतेच.

चिली देशातील लहान धंदेवाल्यांवर केलेला एक अभ्यास तर आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. बचतीची खाती उघडून दिल्यावर काहींना मंडळात बसवले. दर आठवड्याला किती बचत करणार हे तिथे सर्वांसमोर सांगायचे आणि केली की नाही तेही सांगायचे. दुसऱ्या काहींना मंडळ नाही, पण नेहमीच्या ०.३ टक्क्याऐवजी ५ टक्के व्याज दिले. मंडळातल्या लोकांनी साडेतीन पट अधिक वेळा पैसे भरले आणि त्यांची शिल्लक सरासरीने जवळजवळ दुप्पट झाली. वाढीव व्याजाने बहुतेकांच्या बचतीत फारसा फरकच पडला नाही. व्याजाच्या लोभाने जे झाले नाही ते चार सोबत्यांच्या विचारण्याने झाले. त्याच अभ्यासात नंतर बैठकीऐवजी केवळ मोबाईलवर संदेश पाठवून पाहिले, तर त्याचाही परिणाम बैठकीच्या बराच जवळ गेला. तेव्हा व्हॉट्सअॅपवर नुसते 'जुमा मुबारक' पाठवणाऱ्या आपल्या मंडळींना त्या मोबाईलचा आणखी एक उपयोग आहे.

चांभाराचा शेख

आपल्याच इतिहासात या गोष्टीचा एक सुंदर नमुना आहे. चौदाव्या शतकात इब्ने बतूता आजच्या तुर्कस्तानातील अंतालिया शहरी पोहोचला, तेव्हा जुनेपाने कपडे घातलेल्या एका माणसाने त्याला जेवायला बोलावले. या गरिबाला खर्चात का पाडावे म्हणून इब्ने बतूता संकोचला. मग त्याला कळले की हा चामड्याचे शिवणकाम करणारा कारागीर असून 'अखी' मंडळाचा शेख आहे, आणि निरनिराळ्या धंद्यांतील सुमारे २०० कारागिरांनी त्याला आपला म्होरक्या निवडले आहे. या मंडळातील तरुण दिवसभर आपापले काम करीत आणि असरनंतर दिवसाची कमाई शेखकडे आणून देत. त्यातून रात्रीचे सामायिक जेवण होई, मुसाफिरांची सोय होई.

यात पाहुणचार सर्वांच्या लक्षात राहतो. आम्हाला त्यातली असरची वेळ महत्त्वाची वाटते. रोज असरनंतर ज्याला शेखसमोर हात रिकामे करून दाखवायचे आहेत, तो दुपारी झोपून राहणार नाही. आणि दाखवायचे कोणाला? सरकारी अंमलदाराला नव्हे, सावकाराला नव्हे, स्वतः निवडलेल्या एका कारागिराला.

त्याच तुर्की प्रदेशात दुसरीही एक गोष्ट सांगतात. खराब जोडे शिवणाऱ्याचे जोडे त्याच्या दुकानाच्या छपरावर फेकले जात, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे. तुर्की भाषेत त्यावरून एक म्हणच पडली आहे. लोकांना ही गोष्ट मजेशीर वाटते, पण छपरावर जोडे गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी चांगले जोडे शिवतो की गाव सोडून जातो, याचा विचार करावा.

याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण कर्जाच्या धंद्यात दिसले. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावात गरिबांना लहान कर्जे देण्यास सुरुवात केली आणि १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. तारण नाही, पण पाच-पाच जणांचे गट आणि आठवड्याची बैठक. २००६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील व्याजाविषयी आपले मत वेगळे असू शकते, गटाची ताकद मात्र त्यातून सर्वांना कळली. पुढे तीच ताकद वसुलीवाल्यांच्या हाती पडल्यावर काय होते तेही दिसले. आंध्र प्रदेशात २०१० साली वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या इतक्या वाढल्या की सरकारला ऑक्टोबर महिन्यात वटहुकूम काढावा लागला. पाच जणींपैकी एकीचा हप्ता चुकला तर उरलेल्या चौघींना तिच्या दारात बसवले जाई. सोबतीचा दबाव हा चाकूसारखा आहे, भाजीही कापतो आणि बोटही. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की कामाच्या भिशीत पैसा अजिबात आणू नये. दंड नाही, जामीनकी नाही, एकाच्या चुकीचा भार दुसऱ्यावर नाही.

आमच्याच पाहण्यातील एक मंडळी आहे. सहा-सात कारागिरांनी मोठ्या हौसेने सुरुवात केली. महिनाभर उत्तम चालले. मग कोणाला तरी युक्ती सुचली की ज्याचे काम राहील त्याचे नाव पाटीवर लिहावे. पहिल्या आठवड्यात सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात एकाचे नाव सलग तीन दिवस पाटीवर राहिले. घरी मूल आजारी होते, हे कोणी विचारलेच नाही. तो येईनासा झाला आणि पंधरा दिवसांत मंडळी मोडली. ती पाटी टांगायला आम्हीही हो म्हटले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

यात रिया तर नाही?

ही शंका काही दीनदार बांधवांना येईल, आणि ती योग्य शंका आहे. लोकांना दाखवण्यासाठी काम करणे चांगले कसे? आमची समजूत अशी आहे की नमाज, रोजा, सदका लोकांच्या नजरेसाठी करणे हा रिया, त्याबद्दल दुमत नाही. पण गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळणे हा व्यवहार आहे, आणि व्यवहारात तर आपल्याला साक्षीदार ठेवण्याचीच शिकवण आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि त्यावर साक्षीदार घेण्याविषयी आहे. ज्या दीनने पैशाच्या वायद्याला कागद आणि साक्षीदार सांगितले, त्याच्या अनुयायाने कामाच्या वायद्याला वही आणि चार दोस्त ठेवले तर त्यात वावगे काय? तरीही कोणाला खटकत असेल त्याने आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कसे करायचे ते पाहू. माणसे चार किंवा पाच असावीत. आठ झाली की दोघे गप्प बसू लागतात. एकाच धंद्यातली नसली तर उत्तम. एक टेलर, एक सुतार, एक मोटारसायकल मेकॅनिक, एक बेकरीवाला, अशी. अंतालियाच्या शेखकडेही निरनिराळ्या धंद्यांचेच लोक होते. दोन टेलर एकाच बाजारात असतील तर एक आपले खरे आकडे दुसऱ्याला सांगणार नाही, सांगितलेच तर फुगवून सांगेल. रोज भेटणारे असावेत, आणि त्यातला एक तरी असा असावा की ज्याच्या वेळेची सर्वांना खात्री आहे.

वायदा उद्याचाच असावा आणि मोजता येणारा असावा. 'उद्या भरपूर काम करणार' हा वायदा नव्हे. 'उद्या असरपर्यंत ४ जोड शिवून, काजे-बटणासह' हा वायदा. मोठे बेत तर मुळीच सांगू नयेत. 'मी वर्षभरात बोईसरला मोठा शोरूम टाकणार' असे चार जणांत जाहीर केले की ते वाहवा करतात, आणि ती वाहवाच पोट भरते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पीटर गोलवित्झर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असेच दिसले होते. ज्यांचे मोठे होण्याचे इरादे दुसऱ्याने वाचून घेतले, त्यांनी नंतर त्यासाठी कमी मेहनत केली. आपल्याकडे तर हे सिद्ध करायला प्रयोगाची गरज नव्हती. चहाच्या टपरीवर उभे राहिले तरी पुरे.

वेळेविषयी आमची पसंती फज्रनंतरच्या दहा मिनिटांना आहे. सहाबी सख्र गामिदी (रजि.) व्यापारी होते. उम्मतीच्या सकाळच्या वेळेत बरकत असावी अशी प्रेषितांची (स.) दुआ त्यांनीच रिवायत केली आहे, आणि ते स्वतः आपला माल दिवसाच्या आरंभी रवाना करीत, त्यातून ते संपन्न झाले, असे तिथेच नमूद आहे. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांनी ईशानंतर बसावे. एकेकाने कालचा वायदा काय होता, किती झाला आणि उद्याचा काय, एवढेच सांगावे. एकाने वहीत लिहावे. राजकारण आणि क्रिकेट दहा मिनिटे संपल्यावर.

ज्याचा वायदा राहिला त्याला काय विचारायचे, हा खरा प्रश्न आहे. 'का नाही केलेस?' असे विचारू नये. त्याला उत्तर म्हणून फक्त सबब मिळते. 'अडले कुठे?' असे विचारावे. मग कळते की अस्तर आले नाही, किंवा मशीनचा बेल्ट घसरतो आहे, किंवा दुपारी कोणीतरी रोज गप्पा मारायला येऊन बसतो. बेल्टची व्यवस्था मेकॅनिक करू शकतो, आणि गप्पिष्टाला उठवण्याचे काम शेजारी करू शकतो. सलग तीन दिवस वायदा राहिला तर वायदाच लहान करावा. ४ जोड होत नसतील तर ३ म्हणावे, आणि गिऱ्हाइकांच्या तारखाही त्या हिशेबाने द्याव्यात. खोटी तारीख देण्यापासून परावृत्त करणे हेही या चौघांचेच काम.

घरी शिलाई किंवा फॉल-पिको करणाऱ्या भगिनींना तर याची गरज अधिक आहे, कारण घरातले प्रत्येक काम त्यांच्या मशीनच्या आधी येते. त्यांनी आपसात तीन-चार जणींचे मंडळ करावे. दुपारी एकीच्या घरी मशीन नेणे शक्य नसले तरी हातशिलाई नेता येते, आणि सोबत बसले की हात चालतो. घरच्या पुरुषांनी त्या दोन तासांत चहा मागू नये, एवढी विनंती.

हा मजकूर बुधवारी देण्याचा वायदा आम्ही चार जणांसमोर केला होता. मंगळवारी रात्री त्यातल्या एकाने 'अडले कुठे?' म्हणून विचारले, तेव्हा निम्माही झाला नव्हता.

टेलर बांधवांसाठी एक शेवटची सूचना. ही वही रमजानच्या चंद्राला सुरू करून उपयोग नाही, सवय बसेपर्यंत ते पहिले ८ दिवस गेलेलेच असतात. ती शाबानच्या पहिल्या आठवड्यात सुरू करावी, कामाची गर्दी नसताना, रोज २ जोडांच्या वायद्याने.